जुन्या बोल्ट-अ‍ॅक्शन शिकारी रायफलींचा संग्रह आणि जीर्णोद्धार : ओळख, तपासणी आणि हात आवरण्याची कला

मूळ ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा मुलामा) निम्मे उडालेली, दस्त्यावर ओरखडे असलेली, पण कोणी हात न लावलेली रायफल आणि नव्याने आरशासारखी चकाकवलेली रायफल शेजारी शेजारी ठेवली, तर नवखा संग्राहक दुसरीकडे वळतो आणि जाणता पहिलीकडे. नवा मुलामा कधीही चढवता येतो; परंतु बफिंगच्या चाकाखाली गोल झालेल्या कडा, पुसट झालेले शिक्के आणि मूळ कारागिराच्या कानशीच्या खुणा परत आणता येत नाहीत. म्हणून या लेखातील पायऱ्या एका ठरावीक क्रमाने लावल्या आहेत. आधी रायफल नेमकी कोणती आहे हे निश्चित करावे, मग ती सुरक्षित आहे का हे पाहावे, त्यानंतर तिची झीज थांबवावी, आणि दिसण्याचा विचार सर्वांत शेवटी, तोही टाळता आल्यास टाळावा.

या सर्वांच्या आधी कायदा येतो. रायफल बाळगणे, विकत घेणे, वारशाने स्वीकारणे, दुरुस्तीला देणे आणि देशाबाहेर नेणे यांचे नियम प्रत्येक देशात निराळे आहेत, आणि ‘जुनी वस्तू’ म्हणून मिळणारी सवलत बहुधा विसाव्या शतकातील बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलींना लागू होत नाही. पैसे देण्यापूर्वी परवाना हाती असावा. अनुक्रमांकाला कोणत्याही कारणाने कानस लावू नये. गंज काढतानाही नाही. जुन्या इंग्लिश रायफलींच्या पुढच्या साइटवर (नेम धरण्याच्या खुणेवर) कधी कधी हस्तिदंती मणी असतो, आणि तेवढ्या मण्यामुळेही सीमेवर वन्यजीव व्यापाराचे नियम आड येऊ शकतात, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

काय गोळा करावे

या क्षेत्रातील बहुतेक वाटा माउझरपाशी येऊन मिळतात. जर्मनीतील ओबर्नडॉर्फ येथील पॉल माउझर यांची १८९८ ची रचना पुढच्या असंख्य शिकारी रायफलींचा पाया ठरली. बोल्टच्या, म्हणजे मागेपुढे सरकून नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या दांड्याच्या, पुढच्या टोकाला रिसीव्हरमध्ये (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या घरात) अडकणारे दोन लग किंवा दाते, मागे तिसरा सुरक्षा लग, आणि मॅगझिनमधून वर सरकणाऱ्या काडतुसाची कड ताबडतोब पकडणारा लांब पंजासारखा एक्स्ट्रॅक्टर ही तिची ठळक लक्षणे होत. काडतूस फुटलेच तर मागे येणारा वायू नेमबाजाच्या डोळ्यांकडे न जाता बोल्टमधील भोकांतून डावीकडच्या खाचेत जावा, अशीही सोय तिच्यात आहे. ओबर्नडॉर्फच्या शिकारी रायफली अक्षरांनी ओळखल्या जातात : ए हा इंग्लिश धाटणीचा प्रकार, बी हा नेहमीचा, के हा आखूड कार्बाइन, तर एम आणि एस हे नळीच्या तोंडापर्यंत लाकूड असलेले प्रकार. लंडनच्या रिग्बीने माउझरच्याच लांब अ‍ॅक्शनवर (बोल्ट, रिसीव्हर आणि मॅगझिन मिळून होणाऱ्या यंत्रणेवर) १९११ मध्ये .४१६ ची रायफल आणली, आणि रिग्बीची .२७५ ही काडतुसाच्या मापाने ७ × ५७ माउझरच होती.

ऑस्ट्रियातील स्टायर येथे तयार झालेली मानलिखर-शोनाउअर ही माझ्या मते या काळातील सर्वांत देखणी घडण. १९०३ चा प्रकार ६.५ × ५४ काडतुसाचा असून त्यात काडतुसे एका फिरत्या रिळावर बसतात, आणि त्यामुळे बोल्ट इतका सहज सरकतो की हाताळणारा थबकतो. बोल्टची मूठ मात्र रिसीव्हरच्या मागच्या पुलाला चिरून पुढे जाते, त्यामुळे दुर्बीण बसवणे अवघड होते; म्हणूनच अनेक नमुन्यांवर नंतर पाडलेली भोके आढळतात. अमेरिकेत १९३६ मध्ये आलेल्या विंचेस्टर मॉडेल ७० ची १९६४ पूर्वीची घडण संग्राहक शोधतात, कारण त्या वर्षी खर्च कमी करण्यासाठी पंजाचा एक्स्ट्रॅक्टर काढला गेला आणि दस्त्यावरचे हाताने कोरलेले चेकरिंग, म्हणजे पकडीसाठीची चौकटींची नक्षी, जाऊन दाबून उठवलेले आले. बेल्जियमच्या एफएनचे युद्धोत्तर अ‍ॅक्शन, त्यावर बांधलेल्या स्वीडनच्या हुस्कवार्ना, चेकोस्लोव्हाकियाच्या ब्रनो आणि फिनलंडच्या साको यांना नामवंत लंडनी नावांच्या मानाने भाव कमी मिळतो. घडण मात्र कमी नसते.

नवख्याने सुरुवात कुठून करावी, याबाबत माझे मत ठाम आहे. दोन महायुद्धांनंतर स्वस्तात मिळालेल्या लष्करी रायफलींना शिकारी रूप देण्याची मोठी लाट आली होती. त्यांतील काही अत्यंत कुशल कारागिरांनी घडवलेल्या आहेत, तर बऱ्याचशा घरच्या टेबलावर कापलेल्या आहेत. या दुसऱ्या प्रकारातील, ऐतिहासिक मोल आधीच गमावलेली, पण अ‍ॅक्शन आणि नळी चांगली असलेली रायफल शिकण्यासाठी घ्यावी. हाताला सवय होईपर्यंत ओबर्नडॉर्फच्या बी प्रकाराला स्क्रू ड्रायव्हर लावू नये.

काही रायफली केवळ पाहण्यासाठी ठेवायच्या असतात. स्प्रिंगफील्ड १९०३ चे, स्प्रिंगफील्ड शस्त्रागारातील ८,००,००० पेक्षा कमी आणि रॉक आयलंडमधील २,८५,५०७ पेक्षा कमी अनुक्रमांकाचे रिसीव्हर घडवताना पोलादाचे तापमान नजरेने ठरवले जात असे. जास्त तापलेले पोलाद ठिसूळ झाले आणि काही रिसीव्हर फुटले. कॅनडाच्या रॉस १९१० चा बोल्ट चुकीचा जोडला गेला तरी तो आत जातो आणि बंद झाल्यासारखा भासतो, प्रत्यक्षात कुलूपबंद होत नाही. अशा नमुन्यांचा संग्रह जरूर करावा, त्यांतून गोळी झाडू नये.

विकत घेण्यापूर्वीची तपासणी

रायफल हाती घेताच बोल्ट उघडून चेंबर (काडतूस बसते ती नळीची मागची पोकळी) आणि मॅगझिन रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी. विक्रेत्याने नुकतीच दाखवली असली, तरीही.

नंतर शिक्के वाचावेत. लंडन व बर्मिंगहॅम येथील चाचणीगृहांचे मुकुटांकित शिक्के, बेल्जियममधील लिएज येथील लंबगोलातील ईएलजी ही अक्षरे, जर्मनीचा मुकुटाखालील एन किंवा १९३९ नंतरचा गरुडाखालील एन हे सर्व सांगतात की ती नळी कोणत्या देशात आणि साधारण कोणत्या काळात चाचणीला उतरली. अनेक जर्मन नळ्यांवर महिना व वर्षही ठोकलेले असते. वर कोरलेल्या नावावर मात्र लगेच विश्वास ठेवू नये. ज्याचे नाव नळीवर आहे, तो पुष्कळदा केवळ विक्रेता असे, आणि अ‍ॅक्शन, नळी व दस्ता तीन निराळ्या हातांतून आलेले असत. रिग्बी, वेस्टली रिचर्ड्स यांसारख्या जुन्या इंग्लिश निर्मात्यांच्या वह्या टिकून आहेत. अनुक्रमांक दिल्यास मूळ नळीची लांबी, काडतूस आणि पहिला ग्राहक कळू शकतो. नळी नंतर कापलेली आहे का, या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळते.

बोल्टवरचा क्रमांक रिसीव्हरशी जुळतो का ते पाहावे. न जुळणारा बोल्ट म्हणजे केवळ किंमत घटली असे नव्हे. त्या बोल्टचे लग या रिसीव्हरमध्ये कधी बसवून पाहिलेलेच नसतील. स्क्रूंची डोकी हा सर्वांत बोलका पुरावा असतो. चांगल्या घडणीत त्यांच्या खाचा सुबक असतात आणि बहुधा नळीच्या रेषेत येऊन थांबतात. फाटलेल्या खाचा दिसल्या की आत कोणीतरी घाईने शिरले होते असे समजावे. भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट झाल्या असतील, अक्षरांचे काठ वितळल्यासारखे भासत असतील, किंवा लाकूड धातूपेक्षा खाली गेले असेल, तर बफिंग आणि काचपेपर यांचा प्रयोग होऊन गेला आहे. मूळ कारखान्यात लाकूड धातूपेक्षा किंचित वर ठेवले जात असे.

शक्य असल्यास विक्रेत्याच्या परवानगीने दस्ता उतरवून घ्यावा. वरून निर्दोष दिसणारी नळी लाकडाच्या रेषेखाली खड्ड्यांनी खाल्लेली असते, कारण तिथे पाऊस आणि घाम साठून राहतो आणि तेलाचे फडके पोहोचत नाही. रिकॉइल लगच्या (गोळीचा धक्का लाकडावर सोपवणाऱ्या दात्याच्या) मागचे लाकूड आणि टँगच्या (रिसीव्हरच्या मागच्या शेपटीच्या) मागची जागा भिंगाने पाहावी. तडे तिथूनच सुरू होतात.

सुरक्षिततेची पारख

इथे काम गनस्मिथचे, म्हणजे बंदुकांच्या कारागिराचे, आहे, संग्राहकाचे नव्हे. पण काय विचारायचे ते संग्राहकाला माहीत असावे. पहिला प्रश्न काडतुसाचा. नळीवरचे माप खरे असेलच असे नाही, कारण चेंबर नंतर मोठे केलेले असू शकते आणि शिक्का जुनाच राहतो. कमी तापमानाला वितळणाऱ्या बिस्मथच्या मिश्रधातूचा साचा चेंबरमध्ये ओतून त्याची मापे घेतली, की हा संशय संपतो. हा मिश्रधातू आधी थोडा आकसतो आणि मग हळूहळू फुगतो. साधारण तासाभराने तो चेंबरच्या खऱ्या मापाचा होतो, म्हणून मापे तेव्हाच घ्यावीत.

जर्मन ८ मिलिमीटर रायफलींबाबत तर हे टाळताच येत नाही. आरंभीच्या नळ्यांना .३१८ इंच व्यासाची गोळी लागे. १९०५ मध्ये लष्कराने.३२३ इंचाची गोळी स्वीकारली, परंतु शिकारी रायफली जुन्या मापात पुढेही बनत राहिल्या. दोन्हींचे काडतूस बाहेरून जवळपास सारखे दिसते. अरुंद नळीत जाड गोळी घातली तर दाब धोकादायक वाढतो, म्हणून मऊ शिशाची गोळी नळीतून हळू ठोकून पार करावी आणि तिच्यावर उमटलेल्या चरांचा व्यास मोजावा.

दुसरा प्रश्न हेडस्पेसचा, म्हणजे बंद बोल्टचा चेहरा आणि काडतूस ज्या जागी टेकते ती जागा यांमधील अंतराचा. ही टेकण्याची जागा प्रत्येक प्रकारात निराळी असते. .३०३ सारखे कडेचे काडतूस कडेवर टेकते, ७ × ५७ सारखे बिनकडेचे खांद्यावर, आणि १९१२ च्या .३७५ हॉलंड अँड हॉलंडसारखे पट्ट्याचे काडतूस पट्ट्यावर. किमान अंतराच्या ‘गो’ गेजवर, म्हणजे काडतुसाच्या आकाराच्या मापकावर, बोल्ट सहज बंद व्हावा आणि कमाल अंतराच्या ‘नो-गो’ वर होऊ नये. तपासताना एक्स्ट्रॅक्टर आणि फायरिंग पिन काढलेले असावेत आणि मूठ दोन बोटांनीच फिरवावी, नाहीतर जोराच्या भरात गेजच दाबले जाते. यासोबत लगच्या मुळाशी केसाएवढे तडे, रिसीव्हरमधील लगच्या बैठकीत पडलेली खळी आणि सेफ्टी काढताना घोडा आपोआप सुटतो का, एवढे पाहून घ्यावे. यांतले एक जरी आढळले, तरी रायफल भिंतीवर राहील.

सुटे करणे

बाजारातील नेहमीच्या स्क्रू ड्रायव्हरची पाती टोकाकडे निमुळती होते आणि खाचेतून वर निसटते. बंदुकीच्या स्क्रूंना समांतर बाजूंची, खाचेत तळापर्यंत आणि रुंदीभर बसणारी पाती लागते. ती नसेल तर घासून तयार करावी. घट्ट बसलेल्या स्क्रूवर भेदक तेलाचा थेंब टाकून एक रात्र थांबावे, मग खाचेत पाती धरून हातोडीने हलकेच ठोके द्यावेत, आणि तरीही न हलल्यास तापलेल्या सोल्डरिंग लोखंडाचे टोक डोक्यावर टेकवावे. प्रत्येक टप्प्यावर छायाचित्र घ्यावे. पुढचा आणि मागचा ॲक्शन स्क्रू वेगळ्या लांबीचा असतो. त्यांची अदलाबदल झाली तर बोल्टच्या वाटेत टोक येऊ शकते.

धातू

तपकिरी, घट्ट बसलेली, बोटाला न लागणारी छटा म्हणजे जुनेपण. तिला हात लावायचा नाही. नारिंगी, भुकटीसारखा, फडक्याला लागणारा गंज मात्र चालू रोग आहे. लहान ठिपक्यांवर तेल लावून एक दिवस ठेवावे आणि पितळेच्या पट्टीने अलगद खरवडावे. पितळ पोलादापेक्षा मऊ असल्यामुळे ब्लूइंगला ओरखडा पडत नाही.

गंज विस्तृत असेल, तर ऊर्ध्वपातित पाण्यात उकळण्याची पद्धत मला सर्वांत सभ्य वाटते. सुटा केलेला भाग स्पिरिटने पूर्ण तेलमुक्त करून २० ते ३० मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवला, की लाल आयर्न ऑक्साइडचे रूपांतर काळ्या मॅग्नेटाइटमध्ये होते. बाहेर काढून कोरडा करावा, तेल धुऊन काढलेल्या सर्वांत बारीक स्टील वूलने वरची काळी पूड हळुवार उचलावी आणि लाल रंग उरला असेल तर पुन्हा उकळावे. शिल्लक राहिलेले मूळ ब्लूइंग यात जात नाही. नळी उकळल्यास आतून लगेच कोरडी करून तेल द्यावे. नळाचे पाणी वापरू नये, त्यातील क्षारांचे डाग बसतात.

नव्याने ब्लूइंग करण्याचा निर्णय मूळ मुलामा पूर्वीच नष्ट झाला असेल तरच घ्यावा, आणि तेव्हा पद्धत काळाला धरून असावी. जुन्या युरोपीय रायफलींवर बहुधा संथ गंज-ब्लूइंग असे : पृष्ठभागावर मुद्दाम बारीक गंज चढवायचा, उकळायचा, घासायचा, आणि हे अनेकदा करायचे. गरम क्षारांच्या टाकीतील ब्लूइंगचा प्रसार १९३० च्या दशकाच्या अखेरीस झाला. १९१० च्या रायफलीवर त्याची गडद झळाळी विसंगत दिसते हे एक. शिवाय साइटचे पाय आणि पट्ट्याची कडी नळीला मऊ सोल्डरने जोडलेली असते, आणि दाहक क्षार ते सोल्डर खाऊन टाकतात. बाटलीतील थंड ब्लूइंग स्क्रूच्या डोक्यापुरते ठीक, त्यापलीकडे ते ठिपकेदार दिसते आणि घासून जाते.

लाकूड

खरा संयम लागतो तो इथे. चांगल्या रायफलींचा दस्ता अक्रोडाचा असतो. युरोपीय अक्रोड फिकट आणि गडद रेषांचा, अमेरिकेतील काळा अक्रोड अधिक एकसंध तपकिरी आणि किंचित सच्छिद्र. साफसफाई मिनरल स्पिरिट आणि सुती फडक्याने सुरू करावी. मळ निघाल्यावर अर्धे काम झालेले असते, आणि पुष्कळदा पुढे काही करावेच लागत नाही. मुलामा कोणता आहे हे ओळखण्यासाठी दस्त्याच्या टोकावरील बट प्लेटखालच्या लपलेल्या जागी अल्कोहोलचा थेंब टेकवावा; चिकट झाला तर शेलॅक, म्हणजे चपडा लाख, आहे. तो स्पिरिटनेच नरम करून सारखा करता येतो, खरवडण्याची गरज नसते.

रायफल वर्षानुवर्षे उभी ठेवल्यामुळे अ‍ॅक्शनमधील तेल टँगमागच्या लाकडात उतरते. तिथले लाकूड काळे आणि मऊ पडते, आणि तडे त्यामुळेच जातात. खडूची पूड अ‍ॅसिटोनमध्ये कालवून लेप द्यावा. सुकताना पूड पिवळसर होते, ती झटकून पुन्हा लेप द्यावा. पूड पांढरीच राहू लागली की तेल निघाले. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळ ज्योत नसावी. तेल पूर्ण निघण्याआधी तड्यात भरलेला इपॉक्सी धरत नाही, आणि ही दुरुस्ती सुटण्याचे नेहमीचे कारण तेच असते. तडा हळूच उघडून त्यात पातळ इपॉक्सी झिरपू द्यावा आणि रबरी पट्टीने आवळावे. जागा ताणाची असेल तर आतल्या बाजूने पितळेची बारीक खुंटी घालावी. त्यानंतर रिकॉइल लग लाकडावर पूर्ण टेकतो का आणि टँगच्या मागे केसभर मोकळी जागा आहे का, हे काजळी लावून तपासावे. टँगच लाकडावर आदळत असेल, तर तडा पुन्हा जाणार.

दबलेल्या खळग्यावर ओले फडके ठेवून गरम इस्त्रीचे टोक टेकवावे. वाफेने तंतू फुगतात आणि खळगा वर येतो. जिथे तंतू तुटले आहेत तिथे हा उपाय चालत नाही, आणि असे ओरखडे तसेच राहू द्यावेत. काचपेपर संपूर्ण दस्त्यावर फिरवणे म्हणजे लाकूड धातूच्या खाली नेणे आणि निर्मात्याचे ठसे पुसणे. चेकरिंग मळाने भरलेले असते. स्पिरिट आणि दात घासायचा मऊ ब्रश यांनी ते पुष्कळदा पुन्हा ठळक होते. रेषा खरोखर झिजल्या असतील, तर एकेका चरातून हत्यार फिरवून मूळ रेषाच खोल कराव्यात.

तेलाचा मुलामा विरळ झाला असेल तर उकळलेल्या जवसाच्या तेलाचे अगदी पातळ थर तळव्याने चोळून द्यावेत, आणि प्रत्येक थर पुरता सुकल्यावरच पुढचा. इंग्लिश दस्त्यांची ती तांबूस झाक हवी असेल, तर तेलात रतनजोतीची मुळे भिजत ठेवावीत. लंडनचे कारागीरही हाच रंग वापरत. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून टोपलीत टाकू नयेत. तेल सुकताना उष्णता सोडते आणि चुरगळलेले फडके आपोआप पेटू शकते; ते पाण्यात बुडवून ठेवावे किंवा उघड्यावर पसरून वाळवावे.

नळीची आतली बाजू

जुन्या काडतुसांच्या प्रायमरमधील, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीतील, पोटॅशियम क्लोरेटपासून झाडल्यानंतर पोटॅशियम क्लोराइड हे मीठ उरते. ते हवेतील ओल ओढते आणि तेलात विरघळत नाही, म्हणून केवळ तेल लावलेल्या नळ्याही गंजल्या. जुनी काडतुसे वापरलेली असण्याची शक्यता असेल, तर नळी प्रथम गरम पाण्याने धुवावी, कोरडी करावी आणि मगच सॉल्व्हेंट व तेल वापरावे. सफाई नेहमी बोल्टच्या बाजूने, एकसंध दांडा आणि मार्गदर्शक नळी वापरून करावी. तोंडाकडून घातलेला दांडा क्राउनची, म्हणजे नळीच्या तोंडाची, कड झिजवतो आणि अचूकता तिथेच जाते. अमोनियायुक्त द्रवाने तांबे निघते, चिंध्या निळसर-हिरव्या होतात. आतून काळवंडलेली नळी पाहून तिचा निकाल लावू नये. थरांखालचे नळीतील चर पुष्कळदा धारदार निघतात.

ठेवण आणि नोंदी

चामड्याच्या किंवा फोमच्या पेटीत रायफल कायमची ठेवू नये. दोन्ही ओल धरतात आणि चामड्यातील कमावणीची रसायने पोलादाला खातात. लाकूड आणि पोलाद यांना सुमारे ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. धातू आणि लाकूड दोहोंवर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ थर द्यावा. बोटांच्या घामाचे ठसे त्यामुळे उमटत नाहीत. रायफल उभी ठेवायची असेल तर नळीचे तोंड खाली, म्हणजे तेल दस्त्यात उतरणार नाही. बोल्ट आणि काडतुसे वेगळ्या कुलपात असावीत.

काढलेला प्रत्येक मूळ भाग, मग तो फाटलेल्या खाचेचा स्क्रू का असेना, चिठ्ठी लावून रायफलीबरोबरच जपावा. आधीची छायाचित्रे, चेंबरच्या साच्याची मापे, गनस्मिथचा अहवाल, निर्मात्याचे पत्र आणि आपण कोणत्या जागी काय केले याची तारखेसह नोंद एका पाकिटात ठेवावी. नव्याने बसवलेल्या भागावर आतल्या बाजूने, न दिसेल अशा ठिकाणी, बारीक खूण आणि वर्ष कोरून ठेवावे, म्हणजे पुढचा खरेदीदार तो मूळ भाग समजणार नाही.